चितरीला घातलेले टाके

२४ नोव्हेंबर १९९७, सोमवार

ती. आत्याबाईंस,

काल रविवारी सकाळी सातच्या सुमारास मुंगसाने आपल्या चितरी कोंबडीला धरलं. नऊ पिल्लांपैकी दोन गेली, सात राहिली. चितरीची छाती फाटली. हे उसाची ट्रॉली घेऊन अंकुशनगरच्या साखर कारखान्याला गेले, ते संध्याकाळी सहाला परत आले. दिवसभर घरी मी एकटी होते. मी तिला टाके घातले.

एवढंच लिहून थांबणार होते. तुमच्या नावाआधी कै. लिहायला हात झाला नाही, म्हणून नेहमीसारखं ती. लिहिलं. तुम्हाला कुठं वाचता येत होतं? नंदूबाईंची सासरहून पत्रं यायची ती मीच तुम्हाला वाचून दाखवायची. हेही मीच लिहिणार आणि मीच वाचणार. पण कालचा दिवस दुसऱ्या कोणाला सांगून कळणार नाही. आणि तुम्हाला एक विचारायचं राहून गेलं आहे.

तुम्ही अंड्यांवर बसवलेली शेवटची कोंबडी ती. पाय इतका सुजलेला असताना तुम्ही भिंतीला धरून कोपऱ्यापर्यंत गेलात, पाटीत भुसा घातला, तेरा अंडी मांडली आणि आभाळ गडगडलं तर नासू नयेत म्हणून लोखंडी खिळा ठेवला. तिसऱ्या दिवशी आम्ही तुम्हाला जीपमध्ये घालून जालन्याला नेलं. दिवाळी दवाखान्यातच गेली. तुम्ही परत आलात त्या कशा आलात, ते लिहीत नाही.

अंडी फुटली तेव्हा घरात सुतक होतं. बाया भेटायला यायच्या, रडायच्या, आणि कोपऱ्यातून पिल्लांचा चिवचिवाट! नंदूबाई म्हणाल्या, "आईनं जाता जाता घर भरून ठेवलं बघ वहिनी." मी उठून पिल्लांना कण्या टाकल्या. माझं तुम्हाला माहीतच आहे.

काल मी अंगण झाडत होते. चितरी पिल्लं घेऊन काट्यांच्या कुपाटीजवळ उकरत होती. मुंगूस कुठून आलं ते दिसलंच नाही. एकदम ती ओरडली. कोंबडी ओरडते तशी नाही, माणसाने ओरडावं तशी. पळायचं सोडून ती त्याच्या अंगावर गेली. हे ट्रॅक्टर चालू करत होते, ते काठी घेऊन धावले, तेव्हा ते मुंगूस तिला टाकून काट्यात शिरलं.

मी तिला उचललं. गळ्याखाली जिथे दाणे साठतात, त्या पिशवीला दोन बोटं जातील एवढं भोक पडलं होतं. सकाळी टाकलेली ज्वारी त्यातून माझ्या हातावर पडत होती, एकेक दाणा. आख्खे, कोरडे दाणे. मी भोकावर तळहात दाबून धरला.

"काय राह्यलंय आता तिच्यात? सुरी आण," हे म्हणाले.

"थांबा ना जरा."

"काय थांबा? मेल्यावर फेकून द्यायची का? तेरावं झालंय. आता चालतंय घरात."

"आत्याबाईंनी बसवलेली आहे ती."

त्यांनी काठी कुपाटीला टेकवली. ट्रॅक्टर तसाच धडधडत होता. मग म्हणाले, "हे बघ, मला कारखान्याच्या काट्यावर नंबर लावायचाय. संध्याकाळी येतो. तवर तिच्या पोटात दाणा राह्यला, तर ती तुझी. न्हाई राह्यला तर मला अडवू नको. बिलकुल अडवू नको. तडफडत ठेवायला ती काय शोभेची वस्तू हाये का?"

"बरं," मी म्हणाले.

बरं तर म्हणाले, पण मला येत काय होतं? थंडी पडलीय. दहा दिवसांची पिल्लं आईच्या पंखाखाली नसली तर दोन रात्री काढायची नाहीत. ती गेली की सातही गेली. मग तुमच्या हातचं काही राहिलं नसतं.

मी शाळेत शिकले ते केलं. पाणी उकळून गार केलं, जखम धुतली, फडताळातली लाल औषधाची बाटली काढली आणि कापसाने भरपूर लावलं. छाती लालभडक झाली. मला बरं वाटलं! औषध लावल्यासारखं दिसत होतं ना. पिल्लं ओरडत होती, म्हणून तिला त्यांच्याबरोबर कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली ठेवलं, वाटीत पाणी ठेवलं आणि हात धुवायला मोरीत गेले.

परत येऊन बघते तर काय! पिल्लं तिच्या पंखाखाली नव्हती. सातही तिच्या छातीसमोर गोळा होऊन टोचत होती. तिचीच पिल्लं, आत्याबाई! लाल दिसेल तिथे चोच मारत होती. आणि ती हलत नव्हती. मान वर करून उभी होती. डोळा मिटायची, उघडायची, पण एकाही पिल्लाला तिने चोच मारली नाही.

मी डालगं उलटून टाकलं. तिला छातीशी धरलं. माझा ब्लाउज लाल झाला, औषधाने किती आणि रक्ताने किती ते कळत नव्हतं. त्यात ती पाणी प्यायली होती, तेही छातीतून ओघळून माझ्या पोटावर आलं.

तेव्हा मला तुमची काजळी आठवली.

मागच्या वर्षी घारीने कोवळ्या तलंगेची पाठ सोलली, तेव्हा तुम्ही तव्याच्या बुडाची काजळी खोबरेल तेलात कालवून तिच्या पाठीला थापली होती. मी म्हणाले, "जखमेला ही घाण काय लावता?" तुम्ही म्हणालात, "असू दे. काळं असलं म्हंजे बरं ऱ्हातंय." मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून लावताय! लेकरांच्या गालाला लावतात तसं. मी किती हसले होते मनात. कोंबडीला कोणाची दृष्ट लागणार, म्हणून.

दृष्ट नव्हतीच ती. लाल झाकायचं होतं तुम्हाला. दुसऱ्या कोंबड्यांच्या नजरेला जखम पडू नये म्हणून काळं. मग एकदा तरी सांगायचं ना मला? "शोभे, लाल दिसलं की टोचतात," एवढे चार शब्द! तुमचं सगळं हातात होतं, तोंडात काही नाही. आणि मी अशी, की कोणी सांगितल्याशिवाय विचारायची नाही.

पण काजळी नुसती वरून लावून भागणार नव्हतं. भोक शिवायला हवं होतं.

मी तिला पदरात गुंडाळून शेजारी गयामावशीच्या ओट्यावर गेले. तुमची मैत्रीण आता अगदीच थकली आहे. मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशनला जात नाही. उन्हात बसून तंबाखू मळत होती.

"मावशी, आत्याबाई कोंबडीला टाके कसे घालायच्या?"

"तुला म्हाईत न्हाई? एका घरात ऱ्हात होत्या ना तुमी दोघी?"

"मी बघितलं नाही."

"बघितलं न्हाई का बघवलं न्हाई?" म्हातारी हसली. "सगळ्या गावाच्या चोळ्या शिवती, अन् एक कोंबडी शिवायला भेती! आण इकडं." तिने चितरीच्या छातीवरून बोट फिरवलं आणि हसायची थांबली. "बाई गं. पिशवीच फाटली की."

"धरता का तुम्ही? मी शिवते."

"माझे हात बघ कसे लटलटतेत. अन् धरायला कोण लागतंय? तुझी सासू एकटीच करायची. मांडी घालून बसायची, पंख मांड्यांखाली दाबायचे, डोक्यावर पदर टाकायचा. अंधार झाला की गप पडतीय कोंबडी. मरून पडल्यावानी."

"दोरा कोणता घ्यायच्या?"

"दोरा न्हाई. केस. आपल्या डोक्याचा लांब केस उपटायची. दोरा आत राह्यला की पू होतोय म्हणायची."

"पिशवी आणि वरची कातडी, दोन्ही एकदम शिवायच्या की वेगवेगळी?"

"ते मी काय मोजत बसले का गं? जा जल्दी. इथं बसून इच्यारत राह्यलीस तर माझ्या मांडीवर मरंल ती."

मी घरी आले. पण तिचं एक वाक्य डोक्यात अडकून बसलं होतं. "तुझी सासू एकटीच करायची."

तुम्हाला आठवतं का? दोन वर्षांपूर्वी काळीच्या गळ्यात दाणे अडकून गोळा झाला होता. तुम्ही ब्लेड घेऊन बसलात आणि मला हाक मारली, "शोभे, जरा धर गं हिला." मी जवळ आले, रक्त बघितलं आणि म्हणाले, "मला नाही जमायचं." तुम्ही म्हणालात, "मंग नुसतं बघून तरी ठेव. उद्या मी न्हाई राह्यले तर?" मी उभी राहिले, पण भिंतीकडे बघत. कॅलेंडरवरच्या तारखा वाचत होते. तुम्ही टाके घातलेत, काळीला सोडलं आणि उठून गेलात. परत कधी मला बोलावलं नाही.

म्हणजे धरायला तुम्हाला कोणी नको होतं. तुम्हाला मला दाखवायचं होतं! आणि दोन वर्षं मी समजत होते, की म्हातारीला एकटीने होत नाही, म्हणून माझ्या मागे लागते.

मी जमिनीवर पोतं टाकलं. सुई उकळली. वेणी सोडून एक लांब केस उपटला आणि तोही उकळत्या पाण्यात टाकला. तुम्ही हे बघून हसला असतात, बरोबर ना? केसाची रीत तुमची, उकळणं माझं.

पंख मांड्यांखाली दाबले, डोक्यावर पदर टाकला. चितरी खरंच गप्प पडली. इतकी गप्प की मी दोनदा छातीवर हात ठेवून बघितलं. काळीज फडफडत होतं.

पुढे माझा हात थांबला. एकत्र की वेगळं? आत पातळ, पांढरट पापुद्र्यासारखी पिशवी आणि वर कातडी. चुकलं तर उसवून परत शिवता येणार नव्हतं. पापुद्रा तेवढा टिकलाच नसता. तुम्हाला विचारावंसं वाटलं. खरंच तोंडातून "आत्याबाई" गेलं माझ्या, आणि घरात कोणी नव्हतं.

मग मी कोंबडी विसरायचं ठरवलं. म्हटलं, समज हा अस्तराचा ब्लाउज आहे. अस्तर आणि कापड एकाच टाक्यात धरलं, तर कापड ताणलं की अस्तर फाटतं. पिशवी तर रोज भरणार, रोज रिकामी होणार. कातडीला शिवून टाकली तर हलणार कशी? अस्तर वेगळं.

आत केसाने पाच टाके घातले, जवळजवळ. प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ, म्हणजे एक सुटला तरी बाकीचे राहतील. केस हातातून निसटत होता. तिसऱ्या टाक्याला पिशवी जराशी चिरली. सुई मागे घेऊन थोडी लांबून घातली. वरच्या कातडीला पांढऱ्या दोऱ्याने चार. मान वर केली तेव्हा अंगणातलं ऊन तुळशीपर्यंत सरकलं होतं. मी भिंतीकडे बघितलं नाही, एवढं तुम्हाला सांगायचं आहे. एकदाही नाही.

नंतर तवा पालथा केला. काजळी खरवडली, तेलात कालवली आणि टाक्यांवर लावली. लाल काही दिसेनासं झालं.

काजळी बोटाला लागली होती, तशीच घेऊन मी चुलीपाशी बसले. ते बोट बघितलं आणि तुमचा पाय आठवला. इतके दिवस मी तो आठवू दिला नव्हता.

उसाचं खोडकं पायात घुसलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही ओट्यावर बसून जखमेवर हेच लावत होतात. मापं द्यायला दोन बाया आल्या होत्या. त्यांच्यासमोर मी म्हणाले, "कोंबडीला लावता तेच पायाला? अडाण्यासारखं करू नका आत्याबाई. सडेल पाय." त्या बाया हसल्या. तुम्ही लुगडं पायावर ओढून घेतलंत.

पायाला काजळी लावणं चूकच होतं, हे मी आजही म्हणेन. पण बोलण्याआधी मी खाली बसून पाय हातात घ्यायला हवा होता. "दाखवा बघू" म्हणायला हवं होतं. एवढंही मला सुचू नये?

त्यानंतर पंधरा दिवस तुम्ही पाय अंगाखाली घेऊन बसायच्या. घरात वास यायला लागला. मला वाटलं सरपणात घूस मेली असेल. मी सगळं सरपण उपसलं, एकेक लाकूड बाहेर काढलं. तुम्ही ओट्यावर बसून बघत होतात. एक शब्द बोलला नाहीत! मला लाकडं उपसू दिलीत! का हो? राग होता का माझा? की परत चार लोकांत बोलेन अशी भीती होती? माझी, आणि भीती?

हेच विचारायचं राहिलं होतं. दवाखान्यात विचारलं असतं, तर तुमच्या अंगात ताप होता. साखर आहे हेही तिथेच कळलं. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस आधी आणायला हवं होतं. हे माझ्याकडे बघत होते. मी पुन्हा भिंतीकडे.

दुपारी चितरीला चमच्याने थेंब थेंब पाणी पाजलं. टाक्यांवर पांढरं कापड धरून बसले. कापड कोरडं राहिलं. तासाभराने परत पाजलं. कोरडं. तिसऱ्यांदा कापडाच्या टोकाला ओल दिसली. नीट बघितलं तर चोचीतून सांडलेलं होतं. चार वाजता भाकरीचा मऊ भाग ताकात भिजवून दिला. तिने तोंड फिरवलं. परत दिला, परत फिरवलं. साडेपाचला सुद्धा ती काही खाईना. पिल्लं मी टोपल्यात गोधडीचा तुकडा घालून ठेवली होती, ती ओरडून ओरडून दमली होती.

सहाला ट्रॅक्टरचा आवाज आला.

हे आत आले, पाय धुतले आणि आधी तिच्यापाशीच गेले. "काय केलं तू हिला? सगळी काळी करून टाकली!"

"टाके घातलेत. काजळी आत्याबाई लावायच्या ती."

"खाल्लं का काही?"

"पाणी राहिलंय पोटात."

"मी दाण्याचं म्हणलो होतो." ते डब्यातून ज्वारी घेऊन आले.

"आख्खा दाणा नको, टाके ताजे आहेत," मी म्हणाले. माझा आवाज चढला असावा, कारण ते माझ्याकडे बघत राहिले. "ताकातली भाकरी द्या. तुमच्या हातानं द्या. नाही खाल्ली तर मी अडवणार नाही."

ते उकिडवे बसले. भाकरीचा एवढासा गोळा केला आणि चोचीपुढे धरला. काही नाही. मग त्यांनी काय केलं माहीत आहे? जिभेने टक् टक् आवाज काढला, तुम्ही पहाटे काढायच्या तसा. मी तो आवाज त्यांच्या तोंडून सतरा वर्षांत कधी ऐकला नव्हता. चितरीने मान वाकडी केली आणि गोळा उचलला. गिळला. मग दुसरा. मग तिसरा.

आम्ही दोघंही टाक्यांकडे बघत होतो. गळ्याखाली बोराएवढा फुगवटा आला. हाताने चाचपला, आत होता. बाहेर काही आलं नाही.

यांनी उरलेली भाकरी वाटीत ठेवली. मग खाली बघत म्हणाले, "पाय तिनं मलाबी न्हाई दाखवला. मी इच्यारलं होतं एकदा. काही न्हाई म्हणली, मी कारखान्याला निघून गेल्तो. लेक होतो मी तिचा."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आमच्यात असं कधी नसतं.

आज सकाळी चितरीच्या अंगाखालचा भुसा बघितला तर ती शिटली होती. म्हणजे खाल्लेलं पुढे गेलं! कोंबडीची शीट बघून मला रडू आलं, हे मी कोणाला सांगणार? पिल्लं तिच्याखाली सोडली. आधी एक गेलं, त्याने काळ्या टाक्यांकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ पंखात शिरलं. मग बाकीची सहा. पुढचे आठ दिवस कसे जातात ते सांगता येत नाही. वरचे टाके काढायचे की आपोआप गळू द्यायचे, तेही मला माहीत नाही. संध्याकाळी गयामावशीला विचारेन. बोलेल चार शब्द, बोलू दे.

आत्याबाई, तुम्हाला एक वचन देते. या घरात किंवा दारात कोणी जखम घेऊन आलं, माणूस असो की कोंबडी, तर मी आधी खाली बसेन, हातात घेईन, नीट बघेन. काय लावलंय, का लावलंय, ते विचारेन. बोलायचं ते नंतर, आणि चार लोकांत तर कधीच नाही. आणि गयामावशीला या आठवड्यात डोळ्यांच्या दवाखान्यात मी स्वतः नेणार आहे. ती नाही म्हणेल, पण तिचं का, ते ऐकून घेऊन मग नेईन.

दुपार झाली. हे पुन्हा उसाला गेलेत. हापशावर आता कोणी नसेल. हंडा घेऊन जाते, पाणी भरून आणते.

तुमची सून,
शोभा